काचपट्टीवर थायलेरिया, पोटात घाणेरी: एका गोठ्यातील काविळीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या उतारावरचे एक गाव. गोठा लहान. होल्स्टिन संकरित दोन दुभत्या गाई, सव्वा वर्षाची एक संकरित कालवड आणि एक म्हातारी गावठी गाय. ही गावठी दूध देत नव्हती, तरी आजींच्या शब्दामुळे दावणीला टिकून होती. ओळख पटायला सोपे जावे म्हणून दोन संकरित गाईंना इथे ‘पांढरी’ आणि ‘काळी’ म्हणू. दोघी बांड्याच, पण एकीच्या अंगावर पांढरे जास्त, दुसरीच्या अंगावर काळे. कालवड निम्मीनिम्मी.

संकरित जनावरे जन्मापासून गोठ्यातच वाढलेली. कडबा, मुरघास, सरकी पेंड, डेअरीचा खुराक, जागेवर पाणी. चरायला जाण्याची सवय त्यांना नव्हती आणि घरच्यांनाही ती लावायची नव्हती. पण मे संपत आला होता, मुरघासाच्या पिशव्या रिकाम्या झाल्या होत्या आणि कडबा परवडेनासा झाला होता.

समस्या

सुरुवात साध्या तक्रारीने झाली. पांढरीने खुराक सोडला, रवंथ थांबले, दूध एकदम आटले. दुसऱ्या दिवशी काळी आणि कालवडही तशीच. स्थानिक उपचार म्हणून तापाचे इंजेक्शन, ब जीवनसत्त्व आणि भूक वाढवणारी पावडर देऊन झाली होती. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले, तेव्हा आम्हाला बोलावणे आले.

तपासणीत तिन्ही जनावरांचे चित्र सारखेच होते, फक्त तीव्रता वेगळी. ताप कुणालाच नाही, पांढरी 101.6, काळी 101.2 आणि कालवड 100.4 अंश फॅरेनहाइट. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली तरी कोठीपोटाची (गाईच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या पोटाची) हालचाल जाणवेना. शेण म्हणजे चिकट आवाने माखलेल्या कडक गोळ्या. लघवी कोऱ्या चहासारखी. डोळ्यांचे पांढरे बुबुळाभोवती हळदीसारखे, योनीचे आतले अस्तरही पिवळे. इथे एक सावधगिरी सांगतो: कावीळ नेहमी दिवसाच्या उजेडात बघावी. गोठ्यातल्या पिवळ्या बल्बखाली सगळ्याच गाई काविळीच्या दिसतात. शिवाय हिरवा चारा भरपूर खाणाऱ्या गाईचा, विशेषतः जर्सी संकरित गाईचा, रक्तद्रवही कॅरोटीनमुळे मुळातच पिवळसर असतो. त्यामुळे नुसती नळीतल्या रक्तद्रवाची पिवळी छटा पुरावा ठरत नाही.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट धार काढणाऱ्या सूनबाईंनी दाखवली. “डॉक्टर, हिचं नाक बघा, भाजल्यावाणी झालंय. अन् सडाला हात लावू देईना.” पांढरीचे गुलाबी मुसकट कोरडे, लालबुंद आणि भेगाळलेले होते. पाठीवर पांढऱ्या केसांखालची कातडी सुजून ओलसर झाली होती, केस झुपक्यांनी चिकटले होते. बोट फिरवत गेलो तर सूज पांढऱ्या-काळ्याच्या सीमेवर अचानक थांबत होती. दोन बोटे पलीकडे, काळ्या केसांखाली, कातडी अगदी मऊ आणि थंड. सगळ्या अंगावर हाच नकाशा. काळीच्या अंगावर असे फारसे काही नव्हते. फक्त कासेच्या पांढऱ्या भागावर लाली.

तोवर गोठ्याभोवती निदाने जमा झाली होतीच. शेजाऱ्यांना कातडी बघून लम्पीची शंका. 2022 च्या साथीनंतर कातडीचे काहीही दिसले की हे नाव पहिले येते. आजींचा आग्रह डाग देण्याचा. आणि बहुतेकांचे म्हणणे, गोचीडताप. संकरित गाय, उन्हाळा, अंगावर गोचीड आणि पिवळे डोळे एवढ्या भांडवलावर गोचीडतापाचे निदान आपल्याकडे रोज होते, आणि पुष्कळदा ते बरोबरही निघते. म्हणूनच ते खोडून काढायला जास्त पुरावा लागतो.

निदानाकडे जाताना

काविळीत पहिला प्रश्न एकच असतो: बिलिरुबिन, म्हणजे तांबड्या रक्तपेशी मोडल्यावर बनणारा पिवळा पित्तरंग, का साठले? रक्तपेशी फुटून ते जास्त तयार झाले, यकृताला ते हाताळता आले नाही, की पित्ताची वाट बंद झाली? गाईम्हशींमध्ये ठळक कावीळ दिसते ती बहुतेक वेळा रक्तपेशी फुटल्याने. थायलेरिया आणि बॅबेसिया (गोचिडांमार्फत पसरणारे परजीवी, गोचीडताप म्हणतात तो यांचाच), लेप्टोस्पायरा हा जिवाणू, म्हशींमध्ये विल्यानंतर स्फुरदाच्या कमतरतेने होणारी लाल लघवी, ही सगळी त्याच रांगेतली. उलट यकृताच्या कितीतरी आजारांत गाय खंगते, जबड्याखाली पाणी साठते, पण डोळे फारसे पिवळे होत नाहीत. यकृतकृमीची जुनी बाधा हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

रक्तपेशी फुटत असतील तर जनावर आधी पांढरे पडते, मग पिवळे. इथे पिवळेपणाखाली फिकटपणा नव्हता. रक्तातील पेशींचे प्रमाण पांढरीत 36, काळीत 33 आणि कालवडीत 40 टक्के आले. कालवडीचा आकडा तर पाणी कमी पडल्याने वर गेलेला. लघवी बाटलीत घेऊन हलवली तेव्हा फेसही पिवळा आला आणि तसाच टिकून राहिला. लघवीत पित्तरंग उतरल्याची ही गोठ्यावरच करण्याजोगी तपासणी आहे. रक्तरंग उतरला असता तर लघवी लालसर, कॉफीसारखी दिसली असती.

रक्ताचे नमुने तालुक्याच्या ठिकाणी माणसांच्याच प्रयोगशाळेत तपासून घेतले, कारण त्याच संध्याकाळी उत्तर हवे होते. पांढरीचे एकूण बिलिरुबिन 9.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि त्यातले 6.1 ‘डायरेक्ट’. काळीचे 4.8, पैकी 3.0 डायरेक्ट. निरोगी गाईत एकूण आकडा साधारण 1 च्या आत असतो. डायरेक्ट भाग एवढा मोठा असणे म्हणजे यकृताने आपले काम करून रंग बाहेर टाकण्याजोगा केला होता, पण तो पित्तातून बाहेर पडत नव्हता. पित्त अडले की वाढणारे जीजीटी हे विकर (एन्झाइम) तिन्हींत चांगलेच वाढलेले.

अशा अहवालातल्या ‘जास्त’, ‘कमी’च्या खुणांकडे दुर्लक्ष करावे, त्या माणसांच्या मर्यादांवर मारलेल्या असतात. आणि एसजीपीटी या यकृताच्या विकराला गाईम्हशींत माणसाइतके वजन देऊ नये. कुत्र्या-मांजरांत ते यकृताचे चांगले निदर्शक आहे, पण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या यकृतात हे विकर मुळातच कमी, त्यामुळे यकृत मोडकळीला आले तरी आकडा साधा दिसू शकतो. एसजीओटी हे दुसरे विकर वाढते, पण स्नायूंना मार लागला, जनावर बसून राहिले तरीही वाढते.

आता अडचणीचा भाग. काळीच्या रक्ताच्या काचपट्टीवर जिम्सा रंगात काही तांबड्या पेशींत थायलेरियाचे ठिपके आणि अंगठ्या सापडल्या. थोड्याच, कित्येक क्षेत्रे पाहिल्यावर एखादी. पांढरी आणि कालवड यांच्या पट्ट्या स्वच्छ होत्या.

काचपट्टीवर परजीवी दिसला की तपास तिथेच थांबवण्याचा मोह मोठा असतो, कारण मालकाला दाखवायला काहीतरी हाती येते. पण थायलेरियातून बरी झालेली गाय पुढे दीर्घकाळ वाहक राहते. तिच्या रक्तात असे तुरळक परजीवी सापडणे अपेक्षितच असते. आजारी थायलेरियात ताप 104 ते 106 पर्यंत जातो, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी होते, रक्त उतरत जाते. इथे ताप नाही, गाठी हाताला नेहमीसारख्या, रक्त शाबूत. गाठ सुजलेलीच नव्हती, त्यामुळे तिच्यातले पाणी काढून पाहण्याचाही प्रश्न आला नाही. शिवाय जिच्या रक्तात परजीवी होते ती काळी तिघींत सगळ्यात बरी होती.

मग राहिला प्रश्न पोटात काय गेले याचा. “काय खाऊ घातलंत?” याला गोठ्याचे मालक आबा यांचे उत्तर ठाम होते: “रोजचंच. कडबा अन् पेंड.” ते खोटे बोलत नव्हते, दावणीत तेवढेच टाकले होते. पेंड काढून पाहिली, बुरशी नव्हती, त्यामुळे अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची शंका मागे पडली. प्रश्न बदलून विचारला, “जनावरं कुठं गेली होती का?” तेव्हा दारात उभा असलेला नातू बोलला. वळवाच्या पावसानंतर शाळेला सुट्टी म्हणून तो चारही जनावरे गावच्या गुरांबरोबर डोंगराच्या उतारावर घेऊन गेला होता. गवत नव्हतेच. “घाणेरी हिरवी होती, तीच ओरबाडत होत्या. म्हातारी नाही खाल्ली.”

घाणेरी, काही ठिकाणी टणटणी. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झाड म्हणून भारतात आली आणि आज आपल्या डोंगरउतारांवर तिच्याशिवाय दुसरे काही उगवू देत नाही. उन्हाळ्यात सगळे वाळलेले असताना ती हिरवी असते. त्या भागात वाढलेली गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. खातात ती बाहेरून आणलेली, गोठ्यात वाढलेली किंवा उपाशी जनावरे. इथे तीनपैकी दोन अटी पूर्ण झाल्या होत्या.

तिच्या पाल्यातले लँटाडीन हे विष यकृतात पोचले की पित्त वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिका निकामी होतात आणि पित्त आतच अडते. कातडीचे कोडेही इथेच सुटते. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून कोठीपोटातले जिवाणू फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ बनवतात. एरवी तो पित्तातून निघून जातो. पित्त अडले की तो रक्तातून कातडीत येतो आणि ऊन पडले की तिथली कातडी जाळतो. काळ्या कातडीतला रंग ऊन अडवतो, पांढऱ्या कातडीला ती ढाल नसते. लम्पीच्या गाठी असा रंगभेद करत नाहीत.

समोर असलेले पर्याय

घाणेरीच्या विषबाधेतली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे दुखावलेले यकृत कोठीपोटाची हालचाल बंद पाडते. पोट हलत नाही म्हणून खाल्लेला पाला तिथेच राहतो आणि त्यातून विष रोज थोडे थोडे रक्तात जात राहते. म्हणून पाला खाऊन चार-पाच दिवस झाले तरी पोटावर उपचार करण्याला अर्थ असतो.

पहिला पर्याय होता शस्त्रक्रिया: कुशीतून कोठीपोट उघडून पाला बाहेर काढणे. सर्वांत थेट उपाय. पण तीन जनावरे, उघड्यावरचा गोठा, रक्त गोठण्याची क्षमता यकृताच्या आजारात कमी झालेली असण्याची शक्यता आणि खर्च. आबांनी दुभत्या गाईंवर चाकू चालवायला स्वच्छ नकार दिला.

दुसरा, सक्रिय कोळसा पोटात नळीने देणे, म्हणजे विष आतड्यातून शोषलेच जाऊ नये. मात्रा किलो वजनामागे 5 ग्रॅम. वाचायला सोपी, पण 420 किलोच्या गाईला याचे दोन किलोवर होतात. मेडिकलमधल्या गोळ्यांनी हे होत नाही. तिसरा, बेंटोनाइट ही माती, त्याच मात्रेत. स्वस्त, मिळायला सोपी, परिणाम काहीसा सावकाश.

चौथा पर्याय बहुतेक गोठ्यांवर प्रत्यक्षात होतो तो: ग्लुकोजच्या बाटल्या, यकृताचे टॉनिक आणि वाट पाहणे. त्याने गाय तगून राहायला मदत होते, पण पोटातला पाला आहे तिथेच राहतो. आणि पाचवा, काळीला बुपारव्हाक्वोन देऊन थायलेरियाचाही बंदोबस्त करणे.

काय केले

औषध यायच्या आधी सावली केली. गोठ्याच्या दक्षिणेला ताडपत्री बांधून जनावरे दिवसभर आत ठेवली, हिरवा चारा पूर्ण बंद, मिळेल तेवढा चांगला कडबा. दूध डेअरीला घालणे थांबवले.

कोळशाची पावडर पुण्यातल्या रसायनांच्या व्यापाऱ्याकडून मागवली. त्या दिवशी अडीच किलो हाती लागली. बेंटोनाइट कोंबडीखाद्याच्या दुकानातून पोते भरून मिळाले. इथे खरा निर्णय होता. कोळसा तिघींत वाटला तर कुणालाच पुरेशी मात्रा मिळणार नव्हती. एकीला पूर्ण द्यायचा तर कुणाला? कालवड सर्वांत खालावलेली होती आणि तिच्या वजनाला एक किलो पुरला असता. उरलेला दीड किलो पांढरीला अपुरा पडला असता. आबांनी विचार करायला वेळ घेतला नाही: “दूध देणारी आधी.” आमचेही मत, वेगळ्या कारणाने, तेच पडले. पांढरी उभी होती, पाणी पीत होती, वाचण्याची शक्यता तिची जास्त होती. पांढरीला पूर्ण मात्रा वीस लिटर पाण्यात, क्षारांसह, नळीने दिली. काळी आणि कालवड यांना बेंटोनाइट. तिघींना शिरेतून सलाईन.

नळी तोंडातून घालताना ती श्वासनलिकेत गेली नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासले. कोळशाचे पाणी फुप्फुसात गेले तर काविळीची चिंता करायची गरजच उरत नाही.

काळीला बुपारव्हाक्वोन लगेच दिले नाही. अट ठरवली: ताप 103 च्या वर गेला, गाठ सुजली किंवा रक्तपेशींचे प्रमाण 28 च्या खाली आले तर त्याच दिवशी किलोमागे अडीच मिलिग्रॅमने द्यायचे. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून भिंतीवर खडूने लिहायचे काम नातवाने घेतले आणि चोख केले.

दोन दिवसांनी गावठी म्हातारीच्या कोठीपोटातले पाणी नळीने काढून, गाळून तिघींना पाजले. बंद पडलेल्या पोटात पचनाचे जिवाणू नव्याने घालण्याचा हा जुना उपाय. ते आधी दिले असते तर कोळशाच्या पुढ्यात वाया गेले असते.

परिणाम

कालवड बसली ती उठली नाही. उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या रात्री गेली. शवविच्छेदनाला घरच्यांनी होकार दिला. यकृत सुजलेले, पिवळे. पित्ताशय फुगून यकृताच्या कडेबाहेर लोंबत होते. मोठ्या आतड्यात सुकलेल्या शेणाचे कडक गोळे. कोठीपोटातल्या लगद्यात हात घातला तर पाल्याचे तुकडे लागले. धुऊन तळहातावर पसरले तर करवतीसारखी दातेरी कड आणि खरबरीत पाठ स्पष्ट ओळखू येत होती. इतक्या दिवसांनीही. यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये घालून पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवले. अहवालात पित्त अडल्याची आणि यकृतपेशी खराब झाल्याची नोंद आली.

काळीने सहाव्या दिवशी रवंथ केले. तिचा ताप एकदाही 102 च्या वर गेला नाही, रक्तपेशी 30 च्या आसपास टिकल्या. पांढरीचे पोट तिच्याही आधी सुरू झाले, पण कातडीने तिला छळले. पाठीवरची पांढरी कातडी वाळलेल्या चामड्यासारखी उचलली गेली आणि पट्ट्यांनी सुटली. त्याखाली माश्या बसू नयेत म्हणून मलम आणि कडुनिंबाचे तेल चालू ठेवले. सडांवर खपल्या धरल्याने धार काढता येईना; एका सडात दगडी (कासेची सूज) झाली आणि तो सड गेला. डोळ्यांचा पिवळेपणा जायला तीन आठवड्यांवर लागले. दूध पूर्वीच्या निम्म्यावर येऊन थांबले आणि ते वेत तसेच गेले. कालवडीचा विमा नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवशीच्या उपचारात चूक शोधण्यात अर्थ नाही. ताप नसलेली, खाणे सोडलेली गाय बघून कुणालाही अपचनच आठवेल. पण एकाच गोठ्यातली तीन जनावरे दोन दिवसांत एकाच तऱ्हेने बसतात तेव्हा ती सामाईक खाण्याकडे बोट दाखवतात. तेव्हाच दावणीबाहेरची चौकशी झाली असती आणि सावली केली असती, तर पांढरीचा सड बहुधा वाचला असता. तोपर्यंतचे दिवस ती खुंट्याला, भर उन्हात बांधलेली होती.

कालवडीच्या बाबतीत मात्र मत बदलायला जागा आहे. तिच्यावर शस्त्रक्रिया करायला आबांचा विरोध दुभत्या गाईंइतका नव्हता, आणि लहान जनावरात ती तुलनेने सोपीही जाते. कोळसा पांढरीला देण्याचे ठरले त्याच क्षणी कालवडीचे पोट उघडण्याचा विषय पुन्हा काढायला हवा होता. ती इतकी थकलेली होती की टेबलाशिवाय, गोठ्यात, ते तिला पेलले असते का, याची खात्री देता येत नाही. पण बेंटोनाइटच्या सावकाश परिणामाची वाट पाहण्याएवढा वेळ तिच्याकडे नव्हता हे दिसत होते.

घाणेरीच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी उन्हाळ्याअखेर बेंटोनाइटचे एखादे पोते हाताशी ठेवावे. कोळसा यायला अर्धा दिवस गेला. तोवर तिघींनाही बेंटोनाइट सुरू करता आले असते.

काळीला बुपारव्हाक्वोन न देण्यावर सहकाऱ्यांत एकमत नाही. काहींचे म्हणणे, आजाराच्या ताणाखाली वाहक गाय पुन्हा उलटू शकते, मग परजीवी दिसल्यावर थांबायचे कशाला? मुद्दा रास्त आहे. माझे म्हणणे असे की दिवसातून दोनदा ताप मोजणारे माणूस घरात असेल तर थांबता येते, आणि थांबल्यामुळे काळी कशाने बरी झाली याचे उत्तर स्पष्ट मिळते. ताप मोजणारे कुणी नसेल तर मी इंजेक्शन देऊन मोकळा होईन.